मिशीवरून लेखक ओळखा

वडशातल्या भिंतीवर हंगामाचं पहिलं पोस्टर लागतं आणि त्यामागची खळ वाळायच्या आत त्या नाटकाचं परीक्षण तयार होतं. नाटक व्हायचं आहे, तालीम व्हायची आहे, आतल्या गोटातली बातमी खरी मानली तर तिसरा अंक लिहूनही व्हायचा आहे. पण समोरच्या पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता निकाल लागलेला असतो.

"भाऊ मरते."

"कशावरून?"

"कोपऱ्यात पांढऱ्या लुगड्यातली वहिनी दिसून नाई राह्यली काय तुले? आता नवरा मेल्याबगर बाई पांढरं लुगडं नेसते काय?"

या तर्कापुढे बोलणं खुंटतं. प्रश्न उरतो तो एवढाच की भाऊ दुसऱ्या अंकात मरतो की तिसऱ्या. त्यावर दोन तट पडतात आणि ते दिवाळीपर्यंत पुरतात.

पश्चिमेकडच्या वाचकांसाठी जरा थांबतो, कारण त्यांच्या नकाशात नागपूर संपलं की एकदम छत्तीसगड लागतं. मध्ये भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे चार जिल्हे आहेत. जंगल आणि धान यांचा हा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान हाताशी आलं की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो, आणि रात्री नाटक. दिवाळीनंतर जे सुरू होतं ते होळीच्या आसपास थांबतं. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि प्रेक्षक अंग झटकून उठतात तेव्हा कोंबडं आरवून गेलेलं असतं. या सगळ्या कारभाराची राजधानी वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, गडचिरोली जिल्हा, गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचं स्टेशन. नाटक कंपन्यांची ऑफिसं इथंच आहेत. गावचं मंडळ येतं, पोस्टरं पाहतं, तारीख ठरवतं, इसार देतं. तृषांत इंगळे यांनी या दुनियेवर २०२२ मध्ये 'झॉलीवूड' नावाचा सिनेमा काढला तेव्हा मुंबईला हे सगळं कळलं. मग मुंबई ते विसरलीही.

तर मुद्दा असा की मंडळ पैसे टाकतं ते पोस्टरवर. नाटक तेव्हा कुठंच नसतं. खर्च तिकिटांतून काढायचा असतो आणि अंदाज चुकला तर गावात वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून ठेल्यावरच्या या चर्चेला कोणी रिकामटेकडेपणा म्हणू नये. शेअर बाजारात लोक याहून कमी अभ्यासावर पैसे लावतात.

जाणकारांत मुख्य घराणं मिशीचं. या घराण्याचे एक ज्येष्ठ आमच्या चौकात आहेत. मास्तरकीतून निवृत्त झाले, पोस्टरवाचनातून नाही. गुरुजी फक्त खलनायकाचा फोटो पाहतात. मिशीची टोकं वर वळलेली असतील तर नाटक जुन्या वळणाच्या लेखकाचं. पाटील शेवटपर्यंत पाटीलच राहणार आणि पोलिस येऊन त्याला धरून नेणार. मिशी बारीक, खाली उतरलेली, म्हणजे लेखक चार पुस्तकं वाचलेला. त्याचा खलनायक शेवटच्या प्रवेशात आईचे पाय धरतो. आणि मिशीच नसेल तर गुरुजी काळजीत पडतात. "कोणी नवा पोरगा दिसतो. खलनायक आतून चांगला होता असं दाखवील. तिकीट खपत नाही मग." लेखकाचं नाव पोस्टरवर छापलेलं असतं, हे त्यांना सांगून उपयोग नाही. एक तर ते अक्षर मुंगीला चष्मा लागेल इतकं बारीक, आणि गुरुजींच्या मते छापलेलं नाव खरं असेलच असं नाही. "नाव याचं, हात दुसऱ्याचा. वाक्य कुठं तोडलं आहे ते बघ." वाक्य अजून कोणी बोललेलं नाही, ही किरकोळ बाब.

दुसरं घराणं हिशेबी. ते डोकी मोजतं आणि मापतं. ज्याचं डोकं मोठं त्याची नाइट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, मोठी, हा मूळ सिद्धांत. मागच्या हंगामात वर उजवीकडे असलेलं डोकं यंदा खाली डावीकडे उतरलं, म्हणजे मालकाशी बिनसलं. डोकं गायब, म्हणजे गडी दुसऱ्या कंपनीत गेला. मग सगळे मिळून दुसऱ्या कंपनीच्या पोस्टरवर ते डोकं शोधतात. सापडलं तर आनंद होतो. दोन्हीकडे सापडलं तर त्याहून आनंद, कारण दोन्ही तारखा एकाच रात्री लागल्या तर हा माणूस पहिला अंक कुठं करील आणि तिसरा कुठं, यावर पुढचा महिना निघतो.

काही पोस्टरवर चेहऱ्याच्या जागी नुसती काळी आकृती असते आणि खाली लिहिलेलं असतं : मुंबईचा पाहुणा कलाकार. इथं मिशीवाले आणि डोकीवाले दोघेही हात टेकतात आणि प्रश्न घराघरांतल्या बायकांकडे जातो. त्यांना वेळ लागत नाही. खांद्याची ठेवण आणि कानाची पाळी पाहून आमच्या आत्याबाई सांगतात, "हा तोच, सासूले विष देनारा. सातच्या मालिकेतला." त्या आजवर चुकलेल्या नाहीत, कारण सातच्या मालिकेत सासूला विष न देणारा असा कोणी शिल्लकच नाही.

विनोदी जोडीबद्दल मात्र कोणी पैज लावत नाही. त्यातला एक दारुडा असायचाच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये गेली. मधून वैनगंगा वाहते. म्हणजे तोच दारुडा, तीच बाटली, तेच संवाद. पण ब्रह्मपुरीकडे तो कायद्याने वागणारा नागरिक आणि पूल ओलांडून वडशाकडे आला की गुन्हेगार. हसतात दोन्ही काठांवर. वडशाकडचे जरा जास्त ओळखीचं हसतात.

या सगळ्या शास्त्राचा जनक मात्र पोस्टरवर कुठंच नसतो. तो एका गल्लीत संगणकापुढे बसलेला डीटीपीवाला. त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर नाटकाचं नाव आणि फोटो येतात. कथा विचारायची पद्धत नाही; विचारली तरी सांगणार कोण? फोटो गेल्या हंगामातले, एखादा कोणाच्या तरी लग्नातला. तो लग्नातल्या माणसाला पागोटं चढवतो, डोळे लाल करतो, कपाळाला रक्त लावतो. मिशी त्याच्याकडे दोन प्रकारची आहे. हाताला जी आधी लागेल ती चिकटवतो. मागं जागा उरली की वीज टाकतो. विजेत काही अर्थ नसतो. संगणकात ती आहे, म्हणून टाकतो. पांढऱ्या लुगड्याचं म्हणाल तर नायिकेनं फोटो पाठवला तेव्हा साडी पिवळी होती. छापताना पिवळा रंग फिका पडला.

पण पोस्टर चौकात लागलं की ठेल्याला ती वीज दिसते. "भाऊ वीज पडून मरते." बातमी नदी ओलांडून ब्रह्मपुरीला जाते, तिथून नागभीड, तिथून सिंदेवाही, मूल. आठवडाभरात मंडळं वडशाला येऊन विचारू लागतात, "वीज पडते तेच नाटक ना हे?" दारात आलेल्या इसाराला मालक कशाला नाही म्हणेल? रात्री लेखकाला फोन जातो. लेखक बिचारा एकाच वेळी तीन कंपन्यांची नाटकं मार्गी लावत असतो. कुठल्या भावाला कुठं ठेवला आहे, हे त्याचं त्यालाच आठवत नाही. या नाटकातल्या भावाला त्यानं शिकायला पुण्याला पाठवायचं ठरवलं होतं. आता तो त्याला बांधीत उभा करतो आणि ऐन नोव्हेंबरात, निरभ्र आकाशातून, त्याच्यावर वीज पाडतो. प्रयोगाच्या रात्री ऑक्टोपॅड कडाडतो, दिवे लुकलुकतात, भाऊ कोसळतो, वहिनी पांढऱ्या लुगड्यात येते, बाया पदर डोळ्यांना लावतात. आणि पहिल्या रांगेतला कोणी तरी शेजाऱ्याकडे वळून म्हणतो, "सांगतलं होतं का नाई?"

पुण्यातले समीक्षक नाटक बघून मत बनवतात आणि तरी चुकतात. आमचे न बघता बनवतात आणि नाटकाला त्या मताप्रमाणे वागावं लागतं.

न बघता अंदाज बांधायचं हे वेड झाडीपट्टीच्या हवेतच असावं. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोब्याच्या जंगलात कॅमेरे घेऊन येणारी मंडळी वाघाचे नवे बछडे दिसले की जिप्सीत बसून पट्ट्यांवरून बाप ठरवतात. माया वाघिणीची पिलं मटकासुर वाघाची की आणखी कोणाची, यावर एकेकाळी शहाणी माणसं अबोला धरत. वाघीण कधी खुलासा करत नाही. प्रसिद्धीचं तिला जेवढं कळतं तेवढं पुष्कळ निर्मात्यांना कळत नाही.

हवेचा हा दोष जपानपर्यंत पोचला आहे, असं आमच्या भाच्याकडून कळतं. तो चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे जपानी व्हिज्युअल नॉव्हेल खेळतो. पडद्यावर एक मुलगी उभी, खाली तीन ओळी. वाचायच्या, बटण दाबायचं, पुढच्या तीन ओळी. मधूनच विचारणा होते, हिच्याबरोबर जाऊ की तिच्याबरोबर? उत्तर द्याल तसा शेवट बदलतो. नव्या खेळाची दोन-चार चित्रं बाहेर पडली की भाचा आणि त्याचे मित्र रात्र जागवतात. डोळ्यांतली चमक कशी काढली आहे यावरून चित्रकार, आणि मुलगी गच्चीवर एकटी का उभी आहे यावरून लेखक. तिथल्या पोरांना मिशाच नसतात म्हणून आमचं मुख्य घराणं तिथं रुजलं नाही, एवढंच. 'त्सुकिहिमे' नावाच्या खेळाचा नवा अवतार २००८ मध्ये जाहीर झाला आणि हातात पडला २०२१ मध्ये. तेरा वर्षं तिकडच्या रसिकांनी निव्वळ अंदाजांवर काढली. हे गुरुजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. परदेशाबद्दल एवढा आदर त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. मग म्हणाले, "तेरा वर्षांत आपल्याकडे हीरो बापाच्या रोलवर येतो."

भाच्यानं एक फरक मात्र दाखवला आणि तो झोंबला. तिकडे नव्या खेळाची हाळी दिली की रसिक आधी दोन नावं शोधतात : लिहिलं कोणी आणि पात्रं काढली कोणी. नासु किनोको लिहितो, ताकेउची ताकाशी चित्रं काढतो, हे आमच्या पोराला स्वतःच्या परीक्षेच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे, आणि त्या दोन नावांवर तो खिशातले पैसे काढतो. आपल्याकडे आधी डोकी, मग वीज, मग 'भव्य दिव्य', मग 'कौटुंबिक', मग 'तुफान विनोदी', मग संपर्कासाठी तीन मोबाइल नंबर. एवढं करून कागद उरला तर लेखक.

लोकांना लेखकाशी देणंघेणं नसतं, असं निर्माते म्हणतात. हे मी मानत नाही. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांनी 'आत्महत्या' हे नाटक आणलं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर. ओळखायला काही शिल्लकच नाही असं हे नाव. ठेल्यावर दोन मिनिटंही चर्चा रंगायची नाही. तरी लोकांनी ते उचलून धरलं. त्याच बोरकरांनी 'अस्सा नवरा नको गं बाई'देखील लिहिलं, आणि दोन्ही नाटकं एकाच माणसाची हे ओळखायला कुणाला मिशी लागली नाही. ज्याचं नाव लोकांपर्यंत पोचतं त्याला लोक विसरत नाहीत. पोचवायचं कोणी, एवढाच प्रश्न आहे.

आणि परशुराम खुणे यांच्यापुढे तर सगळीच शास्त्रं बसतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा हा माणूस. सुमारे ५,००० प्रयोग आणि ८०० निरनिराळ्या भूमिका त्यांच्या नावावर सांगतात. ८०० भूमिका करणाऱ्याचा पोस्टरवरचा फोटो पाहून तुम्ही काय ओळखणार? २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. छापलेल्या ढगातून वीज कुणावर पडणार हे सांगणाऱ्या आमच्या ठेल्यावर, दिल्लीचं लक्ष एक दिवस झाडीपट्टीकडे जाईल हा अंदाज काही कोणी बांधला नव्हता.

यंदाची पोस्टरं छापायला जातील तेव्हा निर्माते मंडळींनी एवढं करावं. डोकी लहान करा म्हणत नाही, त्यावरून मारामाऱ्या होतील. वीजही राहू द्या, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. तीनपैकी दोन मोबाइल नंबर काढा आणि त्या जागी लेखकाचं नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल अशा अक्षरांत छापा. आणि त्याचं मानधन पोस्टर लागायच्या आधी देऊन टाका. डोक्याच्या मापानं नव्हे, अंकांच्या हिशेबानं.