डिमॅजिओची टाच आणि माझी

टाचेला समाजात पत नाही. हृदय, किडनी, गेला बाजार मणका म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात. टाच म्हटलं की चपलेकडे बघतात. त्यामुळे एक्स-रेत माझ्या टाचेच्या हाडाला गळासारखं टोक फुटलेलं दिसलं तेव्हा मला बरंच वाटलं. पुरावा हाती आला! डहाणू लोकलमध्ये तो मी खिडकीच्या उजेडात धरून ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना दाखवला. पालघर सुटून उमरोळी येईपर्यंत रुईचं पान, तापवलेली वीट आणि मिठाचं गरम पाणी एवढं जमलं. बोईसरला उतरताना एकाने अग्निकर्मही सुचवलं. ते ऐकून मी नेहमीपेक्षा जलद चाललो.

पण पत खरी वाढवली ती डिमॅजिओने. जो डिमॅजिओ, अमेरिकेतला बेसबॉलचा बादशहा. १९४७ साली त्याच्या डाव्या टाचेचं वाढलेलं हाड कापलं. पुढे उजवी बिघडली. १९४९ च्या हंगामातले पहिले ६५ सामने गडी बाहेर, आणि मग जूनअखेर बॉस्टनमध्ये उतरून तीन सामन्यांत चार होमरन! होमरन म्हणजे नेमकं काय ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण छाती माझी फुगली. त्यात हेमिंग्वेचा म्हातारा कोळी. भर समुद्रात, गळाला अजस्र मासा लागलेला, दोरीने हात सोललेले, आणि हा माणूस काळजी कसली करतो, तर डिमॅजिओच्या टाचेची! त्या कोळ्याला पुलंनी 'एका कोळियाने'मधून मराठीत आणलं आणि आमची कोळ्यांची सातपाटी तर पालघरहून रिक्षाच्या अंतरावर. जागतिक साहित्य माझ्या टाचेच्या इतकं जवळ आलेलं असताना गप्प कसं बसायचं? "डिमॅजिओचे वडीलही मासेमारच होते," हे मी जेवताना सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "असतील. तुम्ही आधी बाटली फिरवा." बाटली म्हणजे फ्रीझरमध्ये गोठवलेलं पाणी, ती तळव्याखाली घोळवायची.

डॉक्टरांवर डिमॅजिओचा काही परिणाम झाला नाही. "असं टोक पुष्कळांना असतं, त्यांना पत्ताही नसतो," ते म्हणाले. "तुमचा दुखतोय तो तळव्याचा पट्टा. बहुतेकांचं वर्षभरात कापाकापीशिवाय बरं होतं." म्हणजे ज्याची मी लोकलभर मिरवणूक काढली ते हाड निर्दोष! वर शिक्षा काय, तर मऊ रबराची एमसीआर चप्पल. जगातला कुठलाही झब्बा त्या चपलेवर शोभत नाही. मी लग्नात सगळे फोटो कमरेपर्यंत काढून घेतले. सिलिकॉनच्या गाद्या झाल्या, भिंत ढकलत पोटऱ्या ताणून झाल्या, टाचेत सुई टोचून झाली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की ब्रह्मांड आठवायचं ते आठवायचंच. वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनीच ऑपरेशनचं नाव काढलं. पट्टा थोडा सैल करायचा, जाताजाता टोकही तासायचं.

जखम इतकी लहान निघाली की बघायला आलेली मंडळी चहाआधीच हिरमुसली. मी कुबड्या जरा पुढे, दिसतील अशा टेकवून ठेवल्या.

सातपाटीची मासेवाली मावशी पाटी घेऊन आली तेव्हाही त्या तिथेच होत्या. पाय बघून म्हणाली, "माझी पण टाच अशीच. सकाळी जमिनीला लावू देत नाही."

"मग काय करता?"

"चालते. चालून चालून मोकळी होते, संध्याकाळी परत धरते."

मला पगारी रजा होती. आमच्या तारापूर एमआयडीसीत माझ्याशेजारच्या मशीनवरचा कंत्राटी पोरगा लोखंडी टोकाचे बूट घालून पाळीवर पाळी उभा असतो; पाय वर करून बसला तर त्या दिवसाची हजेरी जाते. डॉक्टर कागदावर 'विश्रांती' लिहितात, सगळ्यांना एकाच अक्षरात. ती कुठून आणायची ते लिहीत नाहीत. याचा मला संताप येतो, आणि तो पाय उशीवर ठेवून आलेला असल्यामुळे कुणासमोर बोलताही येत नाही.

एमसीआर चप्पल मी मावशीला देऊन टाकली. तिने पायात घालून ओटीवर दोन फेऱ्या मारल्या, "मोठी होते, पण मऊ आहे," म्हणत पिशवीत टाकली. पापलेटाचे मात्र दहा रुपयेही कमी केले नाहीत. २०२३ पासून तो राज्य मासा आहे, हे मीच तिला मागे कौतुकाने सांगितलं होतं.