फाळका खाली, भाकरी वर

जत्रेतल्या कुस्तीच्या फडावर गेलेला माणूस प्रत्यक्ष कुस्ती किती वेळ बघतो, याचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही, ते बरंच आहे. फड दुपारी सुरू होतो. आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग शंभर-दोनशे रुपयांच्या, असं करत करत मानाची कुस्ती लागते तेव्हा दिवस कलायला आलेला असतो. ती कुस्ती एक तर हलगीवाल्यानं हलगी नीट तापवायच्या आतच निकाली निघते. नाहीतर दोघे पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून इतका वेळ उभे राहतात की पंचच कंटाळतात आणि बरोबरीत सोडवतात. मग एवढ्या वेळात हजारभर माणसं करतात काय? खातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून खातात, जीपच्या टपावर बसून खातात, टेम्पोचा फाळका पाडून त्याच्यावर धडपं अंथरून पंगतच मांडतात. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, आणि फडाच्या कडेच्या दुकानातून आणलेली गोडीशेव. आमच्या बीड जिल्ह्याला कुस्तीचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. पण खरं सांगायचं तर आमच्या गर्दीत पट कुठला नि ढाक कुठली हे कळणारे थोडे, आणि यंदा गोडीशेव कुणाकडची चांगली आहे हे कळणारे पुष्कळ.

माझा भाचा कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला असतो. तिथं या उद्योगाला टेलगेट पार्टी म्हणतात, हे त्यानं मला फोनवर मोठ्या नवलाईनं सांगितलं. सामना फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या फुटबॉलचा. लोक सामन्याच्या चार-चार तास आधी येतात, मैदानाबाहेर गाड्या लावतात, मागचा फाळका पाडतात, शेगड्या पेटवतात, घडीच्या खुर्च्या मांडतात. काही जण तर तिकीट न काढताच येतात आणि पोटभर खाऊन घरी जातात. मी म्हटलं, "लेका, तुझे आजोबा जन्मभर हेच करत आले. फोटो काढायला तेवढं कुणी नव्हतं."

या प्रथेचं मूळ शोधणारे तिकडचे लोक 1861 सालापर्यंत मागं जातात. त्या जुलैत वॉशिंग्टनजवळ बुल रनला त्यांच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई झाली. राजधानीतली बडी मंडळी, त्यात लोकप्रतिनिधीसुद्धा, घोडागाड्यांत खाण्याच्या टोपल्या घालून लढाई बघायला गेली. आपली बाजू मोडली म्हटल्यावर पळणाऱ्या सैन्यात मिसळून तीही पळाली. त्याच्या शंभर वर्षं आधी, 1761 साली, पानिपतावर आपल्याकडूनही न लढणाऱ्या माणसांचा मोठा लोंढा गेला होता. टोपल्या त्यांच्याकडंही असतील. टोपल्यांत काही उरलं नव्हतं.

आणि तिकडच्या खाण्यामागं एक सबळ कारणही आहे. त्यांचा सामना कागदोपत्री एक तासाचा, प्रत्यक्षात तीन तासांच्या वर चालणारा. त्यात चेंडू खरोखर खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं, असं त्यांच्याच एका वर्तमानपत्रानं घड्याळ लावून मोजलं होतं. उरलेल्या वेळात माणसानं जेवू नये तर काय करावं?

भाच्याचा हट्ट मात्र याच्या पुढचा होता. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर. शनिवारी तिथले लोक डोंगरावर जाऊन पायाला स्की नावाच्या लांब फळ्या लावून बर्फावरून घसरतात आणि रविवारी फुटबॉलला हजर होतात. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात दोन्हींची सांगड घातलेली पार्टी निघाली: गाड्या मैदानाबाहेरच्याच, पण थाट डोंगरावरचा. कपाळावर मोठाले चष्मे, लोकरीच्या टोप्या, गरम मसालेदार वाईन आणि एका भांड्यात वितळवलेलं चीज, ज्यात सगळ्यांनी पावाचे तुकडे बुडवायचे. या चीजच्या भांड्याला फाँड्यू म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये चीज फार झालं म्हणून तिथल्या चीज संघानं 1930 च्या दशकात जोरदार प्रचार करून त्याला राष्ट्रीय पदार्थ करून टाकलं. आमच्याकडं हरभरा फार होतो, पण पिठल्याचा प्रचार करावा असं कुठल्याही संघाला सुचलं नाही. डोंगरावरच्या थाटाचंच बोलायचं तर, स्कीवाल्यांना डोंगर चढण्याचे कष्ट वाचवणारी जी पाळण्यासारखी खुर्ची असते, ती 1936 साली आयडाहोत सन व्हॅलीला पहिल्यांदा लागली. ती ज्या इंजिनिअरला सुचली, त्यानं आधी केळीचे घड जहाजात चढवायची यंत्रं बघितलेली होती. केळीच्या जागी माणूस टांगला, एवढाच काय तो फरक. तेव्हा थंडीतल्या ऐषारामाचं थोडंफार श्रेय गरम मुलखाकडं येतं, हे मी भाच्याच्या कानावर घालून ठेवलं.

एका फेब्रुवारीत तो सुट्टीवर आला आणि म्हणाला, "मामा, आपल्या शेतात करू या. सुपर बोल, म्हणजे तिकडच्या फुटबॉलचा अंतिम सामना, आपल्याकडं सोमवारी पहाटे पाचला लागतो. थंडी आहे, हुरडा आहे, आणखी काय पाहिजे?" झोप पाहिजे, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण बहिणीचा मुलगा सातासमुद्रापलीकडून येतो, त्याला नाही कसं म्हणायचं?

शेत अंबाजोगाईच्या बाजूला, बालाघाटाच्या माथ्यावर. शेजाऱ्याचा छोटा हत्ती टेम्पो ठरवला. त्याच्या हौद्यात आदल्या दिवशी कांदे होते आणि त्याच्या आदल्या दिवशी शेरडं, हे धुऊनही लपत नव्हतं. भाच्यानं मोबाइलवर सुंदर निमंत्रण बनवलं. पांढरे डोंगर, निळं आभाळ आणि खाली ओळ: येणार असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे. शुक्रवार गेला, शनिवार गेला. कुणीही कळवलं नाही. भाचा हिरमुसला. डेन्व्हरला म्हणे त्यांची यादीच असते, कोण येणार, कोण काय आणणार, कुणाला दाणे चालत नाहीत. मी त्याला म्हटलं, तू चाळीस माणसांचं धर. तो म्हणाला, "पण एकाचाही होकार नाही." म्हटलं, म्हणूनच.

त्याला कोण सांगणार, की या भागात लातूरच्या शेजारानं येळवस होते. मार्गशीर्षाच्या अवसेला घरं बंद करून सगळे शेतावर. भज्जी, आंबील, उंडे यांची भांडी डोक्यावरून जातात, कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि मग जेवणं. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाका मारून पंगतीत बसवतात. मोटारसायकलवाला एका गावाला निघालेला असतो आणि वाटेत तीन शेतांत जेवून पोचतो. अशा मुलखात "येणार असल्यास कळवावे" हे वाचून माणसं गोंधळतात. येणार तर आहोतच, मग कळवायचं काय?

स्कीचा एक प्रकार मात्र भाच्यानं सोडला नाही. तिकडं जुन्या स्कीवर ओळीनं चार पेले बसवतात, चौघांनी मिळून ती ओठापर्यंत न्यायची आणि एकदम वाकवायची, सगळ्यांच्या घशात एकाच वेळी घोट उतरला पाहिजे. इथं स्की कुठून आणणार? गावातल्या सुताराकडून फळी करून घेतली. सुतारानं विचारलं, "कशासाठी?" भाच्यानं सविस्तर सांगितलं. सुतारानं ऐकून घेतलं, आणि बाभळीची दणकट फळी तासून, तिला चार भोकं पाडून दिली. त्याच्या डोक्यात हे औताचं काहीतरी असावं. ती फळी रिकामीच उचलायला दोन माणसं लागत होती.

सोमवारी पहाटे चारला आम्ही आगटी पेटवली. गोवऱ्यांचा निखारा नीट धरेपर्यंत अंधारातून माणसं उगवायला लागली. माकडटोप्या, घोंगड्या, एकाच्या अंगावर तर लेकीच्या लग्नात आहेरात आलेली चादर. भाच्यानं आणलेले बर्फाचे चष्मे दोन पोरांनी लावले आणि अंधारात काहीच दिसेना म्हणून काढून ठेवले. कुणी रिकाम्या हातानं आलं नव्हतं. दही आलं, गूळ आला, तीळ-जवसाची चटणी आली, मक्याची कणसं आली, आणि एक आज्जी टोपलीभर बाजरीच्या भाकरी घेऊन आल्या, "हुरड्यानं काय पोट भरतंय व्हय?" असं विचारून त्यांनी छोट्या हत्तीच्या फाळक्याचा ताबाच घेतला. फाळक्यावर पिठल्याची कढई बसली. भाच्यानं तिच्याभोवती पावाचे तुकडे आणि लांब काड्या मांडल्या होत्या. आज्जींनी त्या बाजूला सरकवल्या.

फळीवर गरम वाईनच्या जागी गुळाचा चहा ठेवला, कारण मामा, चुलते आणि गावचे वडीलधारे समोर होते. चौघं उभे राहिले: भाचा, सुतार, सातवीतलं एक पोरगं आणि गावचे जुने पैलवान, ज्यांची उंची सव्वासहा फूट. एक-दोन-तीन म्हटल्यावर पैलवानांनी आपल्या बाजूनं फळी जरा उचलली. सुताराला आपला घोट मिळाला. भाच्याला अर्धा मिळाला, अर्धा स्वेटरवर. पोराच्या वाट्याला फळीच नुसती आली, ती कपाळावर. पैलवान म्हणाले, "चहा प्यायला एवढा खटाटोप करायलेत, म्हणजे तिकडं लोकांकडं वेळ लई हाय."

सामना फोनवर होता. फोन टपावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, रेंज येई-जाई. डेन्व्हरचा संघ त्यात नव्हताच, तरी भाचा तळमळत होता. बाकीच्यांनी एक-दोनदा मान वर करून बघितलं. पैलवान मात्र हुरडा चोळता चोळता तिकडंच बघत राहिले. पळणाऱ्या माणसाच्या पायात एक गडी घुसला तेव्हा ते एकदम म्हणाले, "हा पट काढला बघ! पण मान वर राहिली त्याची. आपल्या फडात असता तर उलटा पडला असता." मग दर दहा मिनिटांनी ते भाच्याला प्रत्येक झटापटीतला दोष समजावून सांगू लागले. त्या पहाटे सुपर बोलचं मराठीतलं बहुधा एकमेव समालोचन आमच्या शेतात झालं, आणि ते संपूर्णपणे कुस्तीचं होतं. यात फार वावगं नाही. महाराष्ट्रात फुटबॉलचं खरं वेड कोल्हापूरला. तिथल्या संघांची नावं बघा, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. लाल माती आणि फुटबॉल यांची सोयरीक आपल्याकडं जुनीच आहे.

बोलता बोलता गोष्ट बर्फावर आली. कुणीतरी विचारलं, खरा बर्फ असतो कसा? सुतार म्हणाला, ते आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या पोराला विचारा. मांडव्याचा अविनाश साबळे फौजेत गेला, सियाचिनला राहिला, आणि मग अडथळ्यांच्या शर्यतीत पळायला लागला. 2022 साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदानं हुकलं. बीडच्या माणसाचा बर्फाशी संबंध येतो तो असा, पाठीवर ओझं घेऊन. नाहीतर गारांमधून. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा रानं पांढरी झाली होती. त्यात झोपलेल्या गव्हाकडं बघून चष्मा लावून घसरावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

भाच्याला एक गोष्ट खटकली होती, ती त्यानं उजाडल्यावर विचारली. सगळे आले, पण त्याच्या वयाचे का नाहीत? त्याच्याबरोबर शाळेत असलेले, नदीत पोहायला जाणारे कुठं आहेत? पैलवानांनी सांगितलं. दिवाळीच्या पुढं-मागं मुकादमाची उचल घेऊन निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, सांगलीकडं, कोल्हापूरकडं, कर्नाटकात. बायको, लेकरं, कोंबड्या, चूल, सगळं ट्रॉलीत घालून. कारखाने बंद होईस्तोवर परतायचं नाही. त्यांचा थोरला मुलगा आणि सून त्यातच होते. "त्यांचं तिकडं रोजच असतंय हे," फाळक्याकडं हात करून ते म्हणाले. "ट्रॉलीच्या मागं तीन दगडं मांडायची, पहाटे तीनला भाकरी थापायच्या आन् कोयता घेऊन फडात उतरायचं." हा फड उसाचा, हे भाच्याला कळलं. मग त्यांनी चटणीची वाटी जवळ ओढली आणि विचारलं, "ह्यात जवस कुणी घातलंय? चांगलं लागायलंय."

मी हे लिहितो आहे ते भाच्याची चेष्टा करायला नाही. परमुलखात एकटा राहणारा पोरगा माणसं जमवायला काहीतरी निमित्त शोधणारच, आणि तिथं निमित्ताशिवाय कुणी येत नसेल तर बर्फ काय, फुटबॉल काय, जे हाताशी असेल ते वापरणार. यादी करावी लागते, कारण न कळवता येणाऱ्या माणसांची तिथं टंचाई आहे. आमच्याकडं अशा माणसांचा सुकाळ होता. आता मोजूनच आहेत, त्यातली निम्मी साखर कारखान्यांच्या वाटेवर.

नऊच्या सुमारास आगटी विझवली. फळी आज्जींनी मागून घेतली, भोकांत रोपांचे पेले बसतात म्हणून. निघताना पैलवान भाच्याला म्हणाले, "ह्या खेळातला तो मधला आडदांड गडी हाय ना, त्याला चैतात जत्रेला घेऊन ये. एकवीसशेचं इनाम लावतो."

भाचा म्हणाला, "आजोबा, त्याचं वजन दीडशे किलो आहे."

पैलवानांनी क्षणभर विचार केला. "मग भाकरी जास्ती थापायला सांगतो," ते म्हणाले.