सिल्क बोर्डचा शर्यतवीर

टॉमटॉम या कंपनीच्या 2023च्या वाहतूक पाहणीत असं निघालं की बेंगळुरूत 10 किलोमीटर जायला सरासरी 28 मिनिटं 10 सेकंद लागतात. आमच्या शर्यतवीराला हा आकडा ऐकवला की तो नाक मुरडतो. ‘शहराची असेल सरासरी. आपली नाही.’ हे तो सिल्क बोर्ड चौकाच्या सिग्नलला हँडब्रेक ओढून म्हणतो.

वय तिशीच्या पलीकडे, मूळ गाव पुणे, कोल्हापूर नाहीतर बेळगाव, नोकरी बेलंदूरला आयटीत आणि बुडाखाली पोलो, एवढ्यावरून तो ओळखू येतो. फोक्सवॅगननं ही गाडी भारतात 2022 साली बंद केली तेव्हा त्यानं जवळजवळ सुतक पाळलं. गाडी चाकणला बनायची, त्यामुळे दुःखाला गाववाल्याचं नातंही होतं. सुतक फिटल्यावर त्यानं तिच्यात पैसे ओतायला घेतले. जे.सी. रोडवरचे दुकानदार आता त्याला लांबूनच ओळखतात आणि शेजारचं गिऱ्हाईक सोडून उठतात. अलॉय चाकं झाली, हवेचा इनटेक झाला, मग रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला पटवून त्याच्याकडून जास्त ताकद काढणं. ही वाढीव ताकद रोज मारतहळ्ळीच्या पुलावर उभ्या उभ्या पेट्रोल पिते.

सर्वांत शेवटी सायलेन्सर बदलला. कायद्यात बसत नाही, पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात, हे सगळं त्याला तोंडपाठ. तशात सांगलीकडून सासरे आले. हा माणूस बैलगाडी शर्यतींचा जुना दर्दी. 2014ची बंदी मनाला लावून घेतलेला आणि 2021च्या डिसेंबरात महाराष्ट्राला परवानगी मिळाल्यावर गल्लीत पेढे वाटलेला. ते पुढच्या सीटवर बसून बराच वेळ नुसता आवाज ऐकत राहिले.

‘जावईबापू, एवढी वरडतीया, मग पळत का न्हाई?’

‘मामा, पुढं बस आहे.’

‘आमच्यात असती बस, तर खोंड वरनं गेलं असतं.’

यावर शर्यतवीराकडे उत्तर नव्हतं. पण इतिहास होता, आणि तो त्याच्याकडे कायम असतो. मद्रासजवळच्या शोलावरमला, महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर विजय मल्ल्या शर्यतीची गाडी पळवायचे, तेव्हा याचा जन्मही झालेला नव्हता. तरी सांगताना त्याच्या डोळ्यांत धूळ जाते. कोइमतूरच्या करिवर्धननी मारुती 800चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी बनवली, हे तो ज्यांच्या घरी मारुती 800 होती त्या सगळ्यांना सांगतो, जणू त्या घराकडे काही येणं आहे.

त्याचा खरा जीव मात्र अमेरिकेतल्या स्टॉक कारवर. हातभट्टीची दारू पोलिसांना चुकवून पोचवणारे ड्रायव्हर, त्यांच्या दिसायला साध्या पण आतून राक्षस असलेल्या गाड्या, त्यातून वाढलेल्या शर्यती आणि 1948मध्ये उभी राहिलेली नासकार ही संस्था, हा सगळा वंशवृक्ष तो आपल्या पोलोपर्यंत आणून भिडवतो. 2010मध्ये नारायण कार्तिकेयन नासकारच्या ट्रक मालिकेत उतरला आणि मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. वर्षअखेरीला त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून चाहत्यांच्या मतांनी त्यालाच निवडलं. त्यातली बरीच मतं आपल्या कॉलेजच्या लॅबमधून गेली, असं शर्यतवीर सांगतो. मार्टिन्सव्हिल कुठे आहे ते मात्र विचारू नये.

इथवर तो थापाड्याच वाटेल. पण शर्यतीच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळीच तो होसूर रोडला लागतो, अंबूरला बिर्याणी खातो आणि श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पोचतो. 1990पासूनचा, पावणेचार किलोमीटरांचा हा ट्रॅक. तिथे तो गाडी चालवत नाही; नुसत्या टायरांच्या खर्चात घरभाडं निघेल. तो मार्शल असतो, म्हणजे रणरणत्या उन्हात केशरी कपडे घालून दिवसभर एका वळणावर झेंडे घेऊन उभा. पिवळा झेंडा दाखवला की कुणी कुणाला ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे.

आणि समोरचा खरंच वाट देतो! होसूर रोडवर ॲम्ब्युलन्सला मिळत नाही ती वाट एका फडक्यावर मिळते. मी त्याला तिथे पाहिलं आहे: ओठ कोरडे, मान काळवंडलेली, नजर वळणावर, तोंडातून शब्द नाही. गाडीतला बडबड्या हाच का, असा प्रश्न पडावा. घसरून बाहेर गेलेली गाडी ढकलायला धावतानाही तो आधी मागून कोण येतंय ते बघतो.

सोमवारी परत तोच सिल्क बोर्ड. पण आता तो पुढच्या गाडीपासून नियमानं अंतर ठेवतो. त्या अंतरात दोन रिक्षा आणि एक स्कूटर शिरते. स्कूटरवाला वळून हसतो, ‘स्वल्प ॲडजस्ट माडी!’ म्हणजे, थोडं सांभाळून घ्या. बायको शेजारून म्हणते, ‘अरे, पिवळा झेंडा आणायचास ना येताना.’

तुमच्या घरात असला कुणी भाचा-पुतण्या असेल, तर रात्री त्याच्या गाडीची किल्ली लपवण्यापेक्षा त्याला एकदा मार्शल म्हणून इरुंगट्टुकोट्टईला धाडा. बरोबर टोपी आणि पाण्याची मोठी बाटली द्या.