पराभवाची कैफियत

मुक्काम बंगळूर,
ता. 30 सप्टेंबर 2019

तीर्थस्वरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. पाकिटावर ‘परदेश’ हा शब्द आपण याही खेपेस अधोरेखित करून घातला होता आणि तरीही टपाल खात्याने ते बिनतक्रार घरपोच केले, यावरून त्या खात्याचा भूगोल आपल्या भूगोलापेक्षा उदार आहे एवढे सिद्ध होते. निपाणी मागे पडली की परमुलूख सुरू, हा आपला शिरस्ता मोडण्याची माझी प्राज्ञा नाही. तथापि जे शहर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते त्यास परदेश म्हणणे इतिहासाच्या दप्तरात बसत नाही, अशी नम्र हरकत नोंदवून ठेवतो. 1687 च्या सुमारास हे शहर तीन लाख रुपयांस म्हैसूरकरांच्या पदरी पडले. आज तेवढ्या रकमेत घरमालकाने मागितलेली दहा महिन्यांची अनामत कशीबशी भागते.

आता मुद्द्याकडे वळतो. उभी हयात मामलेदार कचेरीत घालवलेल्या माणसाने, पुतणीच्या महाविद्यालयाचा बास्केटबॉलचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीतच गारद झाल्याचे वृत्त कळताच, सांत्वनाचे चार शब्द लिहिण्याऐवजी ‘पराभवाची कारणे कलमवार कळवावीत, जबाबदार इसमाचे नाव नमूद करावे आणि पुढील तजवीज काय केली तेही लिहावे’ असा हुकूम धाडावा, यात मला यत्किंचितही नवल वाटले नाही. त्याच पत्रात, आपल्या सांगलीची स्मृती मानधना बॅट घेऊन जगभर नाव काढीत असता आमच्या मुलीने हे टोपल्यांचे खूळ कोठून आणले, अशी पृच्छाही आहे. टोपल्यांपुरते सांगतो. 1891 च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी सज्जाच्या कठड्यास पीच या फळाच्या दोन टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला, आणि त्या टोपल्यांचे बूड शाबूत असल्यामुळे चेंडू आत पडला की कोणीतरी शिडी लावून तो काढून आणी. पुढे टोपलीचे बूड गेले आणि तो शिडीवाला बेकार झाला. आपल्या कचेरीत त्याची जागा खचितच कायम राहिली असती.

खेळाचे कायदे आपणांस अवगत असल्यावाचून कैफियतीचा उलगडा होणार नाही, म्हणून त्यांतले निवडक देतो. दहा दहा मिनिटांचे चार क्वार्टर. चेंडू ताब्यात आल्यापासून 24 सेकंदांच्या आत टोपलीकडे फेकलाच पाहिजे, न फेकल्यास तो प्रतिपक्षाच्या हवाली. हा कायदा महसूल खात्यास लागू झाला असता तर दादा, आपल्या टेबलावरील किती प्रकरणे निकालात निघाली असती याचा हिशेब मी करीत नाही. पाच फाउल भरले की खेळाडू त्या सामन्यापुरती बडतर्फ, आणि त्यावर अपील नाही. प्रतिपक्षाने बास्केटकडे चेंडू टाकताना अडवून फाउल केला तर फ्री थ्रो मिळतो, म्हणजे रिंगमागच्या फळीपासून 15 फुटांवरच्या रेघेवर एकट्याने उभे राहून, कोणाचाही अडथळा नसता, 10 फूट उंचीवरच्या रिंगमध्ये चेंडू टाकायचा. ऐकताना हे इनाम वाटते. प्रत्यक्षात त्या रेघेवर उभे राहिलेल्या मुलीचा चेहरा पाहिला म्हणजे जबानीस बोलावलेल्या साक्षीदाराची आठवण येते.

सामना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका महाविद्यालयात होता. प्रेक्षकांत यजमानांकडचे ताशेवाले, कँटीनचा एक पोऱ्या, गेटवरून रजा न घेता आलेला पहारेकरी आणि आम्ही उभयता. मला ओरडण्याची सक्त मनाई होती, कारण मागे एका सामन्यात मी ‘अगं उंच टाक, उंच!’ असे ओरडलो तेव्हा पंचांनी खेळ थांबवून माझ्याकडे पाहिले होते म्हणे. या मनाईस पूर्वपीठिका आहे. 4 एप्रिल 1896 रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींमध्ये सान फ्रान्सिस्कोत जो पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, त्यास पुरुष प्रेक्षकांस मज्जाव होता आणि निकाल लागला तो 2–1 असा. दोन विरुद्ध एक! इतक्या अल्प गुणसंख्येवर आमच्या मुलींनी स्वस्थ झोप घेतली असती, परंतु काळ बदलला आणि गुण वाढले.

शेवटच्या मिनिटापर्यंत आमचा संघ एका गुणाने मागे होता. घड्याळात सेकंद मोजण्याइतकेच उरले असता आपल्या पुतणीने मधून मुसंडी मारली, प्रतिपक्षाच्या एका उंचनिंच मुलीने तिला आडवे पाडले, शिट्टी झाली आणि दोन फ्री थ्रो पदरात पडले. ताशे थांबले. तिने तळहात चड्डीला पुसले, चेंडू आपटून पाहिला, गुडघे किंचित वाकवले, आणि पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून तिच्याच पायाशी परत आला. दुसरा चेंडू रिंगवर चढला, कडेकडेने पुरती प्रदक्षिणा घालून आत वाकला, आणि आत जाणार असे आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या मनगटात नखे रुतवून जाहीर केले त्याच क्षणी, अगदी शांतपणे, बाहेर पडला. रिबाउंड, म्हणजे बाहेर उसळलेला चेंडू, त्यांच्या उंचनिंच मुलीने घेतला. पुढचे लिहीत नाही. मनगटावरच्या खुणा मुद्देमाल म्हणून अद्याप शाबूत आहेत.

आता जबाबदार इसम. आमच्या घरात चौकशी समिती त्याच रात्री बसली. सौभाग्यवतींचे म्हणणे, पहाटे उपाशीपोटी सरावाला जाणारी मुलगी शेवटच्या मिनिटाला हात थरथरून चेंडू टाकणारच. वहिनींनी फोनवरून दिलेली साक्ष अशी की, पितृपंधरवड्यात स्पर्धा भरवतात त्यांच्या डोक्याची तपासणी व्हावी. वहिनींच्या बाजूस पुरावाही बळकट आहे, कारण याच बंगळुरात 2017 च्या जुलैत भारताच्या महिला संघाने कझाकस्तानला 75–73 असे नमवून आशियाई बास्केटबॉल स्पर्धेच्या ‘ब’ विभागाचा चषक घेतला तेव्हा श्रावण लागलेला होता. परंतु विजयी महाविद्यालयाच्या मुलीही त्याच पंधरवड्यात खेळत होत्या. त्यांचे पितर आमच्या पितरांहून अधिक कनवाळू होते, असे मानल्याखेरीज वहिनींचे कलम टिकत नाही, आणि असे मानण्यास आपण धजाल असे मला वाटत नाही. मी स्वतः उंचीचे कलम मांडले. आपल्या घराण्यात दरवाजाची वरची कडी काढण्यास पिढ्यान्‌पिढ्या स्टूल लागत आले आहे. अशा घराण्यातल्या मुलीने उंचनिंच मुलींशी चेंडूसाठी झोंबावे हा निसर्गाविरुद्ध दाखल केलेला दावा असून तो खर्चासह फेटाळला जाणे क्रमप्राप्त होते. हे कलम सर्वानुमते मंजूर झाले. मूळ पुरुषावर ठपका ठेवला म्हणजे हयात माणसांत वितुष्ट येत नाही, ही त्यातील मोठी सोय.

परंतु पुढच्याच आठवड्यात, 24 ते 29 सप्टेंबर, येथील कंठीरव इनडोअर स्टेडियममध्ये महिलांची आशियाई स्पर्धा भरली आणि पुतणीने आम्हांस तेथे ओढून नेले. भारतीय संघात पुण्याची शिरीन लिमये होती, त्यामुळे आम्ही मराठी म्हणून थोडे ताठ बसलो. तो ताठा फार वेळ टिकला नाही. आपला संघ जपान, दक्षिण कोरिया आणि चिनी तैपेई यांच्या गटात पडला आणि तिन्ही सामने हरला. जपानविरुद्धच्या सामन्यातील फरक मी येथे लिहीत नाही, कारण वहिनी माझी पत्रे शेजारीपाजारी वाचून दाखवतात. अखेर सातव्या क्रमांकासाठी फिलिपाइन्सशी गाठ पडली आणि तेथेही 92–78 असा पराभव झाला, आठांत आठवे. मला आत कोठेतरी, सांगण्यास संकोच वाटतो, परंतु थोडे समाधान झाले. कन्येचा पराभव हा आता एकट्या घराण्याचा राहिला नाही, त्यास राष्ट्रीय दर्जा प्राप्त झाला.

ते समाधान काल सायंकाळपर्यंत टिकले. सकाळी घट बसवून, शेजारच्या कन्नड आजींनी मांडलेल्या गोंबे, म्हणजे नवरात्राच्या बाहुल्या, पाहून, त्यांतल्या म्हैसूरच्या राजाराणीस नमस्कार करून आम्ही अंतिम सामन्यास गेलो. एका बाजूस चीन, ज्यांच्या मुलींकडे पाहताना मान मागे टाकावी लागे. दुसऱ्या बाजूस जपान, ज्यांच्या कित्येक मुली आमच्या घरात आल्या असत्या तर त्यांनाही त्या कडीसाठी स्टूलच लागले असते. आणि दादा, जिंकले ते जपान. 71–68. शिवाय हे काही आकस्मिक नव्हे. 2013, 2015 आणि 2017 या साली हाच चषक त्यांनीच नेला होता. उंच मुली चेंडूकडे हात नेईपर्यंत चेंडू तिसरीच्या हातात गेलेला असे, आणि ती तिसरी रिंगपासून दूर, तीन गुणांच्या रेघेबाहेर, अशी स्वस्थ उभी असे की जणू तेथे सरकारी नेमणुकीवरच आहे. माझे उंचीचे कलम त्या संध्याकाळी रद्दबातल झाले आणि मूळ पुरुष निर्दोष सुटला.

परतताना एका दर्शिनीत, जेथे लोक उभ्याने खातात आणि एक कॉफी दोघांत वाटून पितात, कन्येच्या संघातील मुली भेटल्या. आता तरी पराभवाची चर्चा होईल म्हणून मी कान टवकारून उभा राहिलो. पंच, पितृपक्ष, उपाशी पोट, उंची, यांपैकी एकाचेही नाव निघाले नाही. केसरीबातचा शेवटचा घास कोणी घ्यावा यावर मात्र कडाक्याचा वाद झाला आणि तो आपल्या पुतणीने जिंकला. घरी आल्यावर मी तिला आपले पत्र दाखवून जबाबदार इसमाचे नाव विचारले. ती म्हणाली, ‘त्यात काय, मी दोन फ्री थ्रो घालवले. काकांना लिहा.’ तेवढे बोलून ती जेवायला बसली. इतका त्रोटक कबुलीजबाब आपल्या सबंध नोकरीत आपल्यापुढे आला नसेल; समितीचे सर्व सभासद, अध्यक्षासह, बेरोजगार झाले.

राहिले पुढील तजविजीचे कलम, आणि ते आपल्या मंजुरीवर अवलंबून आहे. दिवाळीच्या सुटीत आम्ही सर्व सांगलीस येत आहोत. त्या दिवसांत सराव बुडू नये म्हणून आपल्या पुतणीची नम्र दरखास्त अशी की, मागच्या अंगणात न्हाणीघराच्या भिंतीस 10 फुटांवर एक लोखंडी रिंग बसवण्यास इजाजत मिळावी. भिंतीपासून तुळशीवृंदावनापर्यंत 15 फूट भरतील असा माझा अदमास आहे, तरी आपण फूटपट्टीने मोजून खात्री करावी; तुळशीस धक्का लागणार नाही याबद्दल मी जामीन राहतो. वहिनींच्या बरण्यांबद्दल जामीन राहण्याची माझी ऐपत नाही, सबब त्या आतल्या खोलीत हलवाव्यात. ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले आणि कृष्णामाई आपल्या घरात मुक्काम करून गेली, त्या वेळची चिखलाची रेघ आपण भिंतीवरून अजून पुसू दिलेली नाही असे समजते. रिंग त्या रेघेच्या बरीच वर येत असल्यामुळे आपल्या नोंदीस बाध येणार नाही. मात्र पंचनाम्याचे कारकून पुन्हा आले आणि रिंगबद्दल विचारू लागले, तर ती पुरात वाहून आलेली नाही असे स्पष्ट सांगावे, नाहीतर ती नुकसानीच्या यादीत चढेल आणि मग सरकारी परवानगीखेरीज काढताही यायची नाही.

मंजुरी उलट टपाली कळवावी. वहिनींस सा. नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा बंधू