चिमीचा डोस आणि तुमची घुटी

अहो वहिनी, आहात का? या जरा भिंतीपाशी. सकाळी तुम्ही हाक मारलीत ती ऐकली होती मी, पण चिमीचा नुकता डोळा लागला होता, म्हणून ओ दिली नाही. राग मानू नका हं.

हो, काल झाला डोस. साडेतीन महिन्यांचा. एका दिवसात तीन सुया, वहिनी! डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, आणि उजव्या दंडावर पोलिओची ती कातडीत देतात ती बारीकशी. वर तोंडातून पोलिओचे दोन थेंब आणि रोटा. आपल्या पोरांना काय, एक ट्रिपल आणि थेंब, की आलो घरी. आता त्याच ट्रिपलमध्ये कावीळ बी आणि ते हिब का काय ते घालून पाचाची एक केलीय म्हणे. चिमीने पहिल्या सुईला नुसतं टकमक बघितलं. दुसरीला असा टाहो फोडला की बाहेर रांगेतली पोरंही सुरू झाली. पण खरं सांगू? सगळ्यांत जास्त रडली ती तिची आई, आमची पल्लवीच.

जावईबापूंचं चाललं होतं, खाजगीत न्या, तिथे पेनलेस मिळते. मी म्हटलं, विचारू तर खरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेनलेसने ताप कमी येतो हे बरोबर, पण डांग्या खोकल्यासाठी ही दुखरीच जास्त दिवस टिकते. मग काय, बापू गप्प. रात्री अंग कोमट झालं तर हिंजवडीत बसून व्हिडिओ कॉलवर थर्मामीटर बघत होते! वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल दिलं, सकाळी ताप साफ उतरला. सुईच्या जागी चोळायचं नाही, शेकायचं नाही, हे मात्र बजावून सांगितलंय. मी तर तवा तापत ठेवला होता.

पण डोसाचं राहू द्या, खरा घोर वजनाचा होता. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजी नाहीत का, येता-जाता ऐकवतात, 'आमचा सात किलोचा झाला, तुमची बाई अजून बाळसं धरत नाही.' आपलं ते बाळ आणि लोकांचं ते कार्टं म्हणतात ना, तसलं. पल्लवीने ते इतकं मनाला लावून घेतलं की आठवडाभर जेवण धड नाही. मला दूधच पुरत नाही, डबा सुरू करते, हेच पालुपद.

काल काट्यावर ठेवलं तर पाच किलो दोनशे. पल्लवीचा चेहरा उतरला. त्या सिस्टरनी काय करावं, कार्ड उघडलं, ते माता-बाल संरक्षण कार्ड, आणि पेनाने ठिपका दिला. आधीचे ठिपके होतेच. सगळे जोडून रेघ ओढली आणि म्हणाल्या, 'ताई, ही रेघ वर चाललीय की नाही? हिरव्या पट्ट्यात आहे की नाही? मग शेजारच्या पोराचं वजन कशाला विचारता?' जन्माला आली तेव्हा दोन किलो सहाशे होती. दुप्पट व्हायला साधारण पाच महिने धरतात, हिचं आत्ताच झालंय. आणि मुलींचा तक्ता मुलांपेक्षा वेगळा असतो, हे त्या आजींना कोण सांगणार? तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात त्या.

दूध पुरतं की नाही ते लंगोटावरून कळतं, असंही म्हणाल्या. दिवसात सहा वेळा शू झाली की पुरतंय समजायचं. हिचे तर दिवसाला दहा-बारा लंगोट, आमची दोरी बघताच तुम्ही! आणि तीन दिवस शी झाली नव्हती म्हणून मी त्रिफळ्यापर्यंत पोचले होते. तर अंगावर पिणाऱ्या बाळांचं असं होतं म्हणे, मऊ होत असली आणि पोट फुगलेलं नसलं की बिघडत नाही.

मालिशवाल्या मावशींवरून मात्र वाजलं थोडं. दवाखान्यात सांगितलं, अंगाला तेल चोळा, पण कानानाकात सोडू नका, टाळू दाबू नका. मावशी फुगल्या. चाळीस वर्षं पायावर पोरं न्हाऊ घातलीत, आता मला शिकवणार, म्हणाल्या. काजळाचंही तेच. डोळ्यांत नको. मग मी तळपायाला तीट लावली, दृष्ट काय डोळ्यातच लागते असं थोडंच आहे?

आता तुमचं. नाही, बोलणारच होते मी. त्या घुटीचं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षापर्यंत चाटवायचाच नाही. तुम्ही किती मायेने सहाण आणून दिलीत, वेखंड, हिरडा, जायफळ सगळं निवडून, मला का कळत नाही? पण पल्लवीने डॉक्टरांसमोरच विचारलं, आणि मला मान खाली घालून उभं राहावं लागलं. हो हो, तुमची तीन पोरं त्याच घुटीवर वाढली, माझीही वाढली. पण आता तिचं बाळ, तिचं कार्ड.

तर सहाण आणि डबी घेऊन आलेय, हे घ्या. मुरडशिंग तेवढं काढून ठेवलंय हं, आमच्या ह्यांचं पोट परवापासून धरलंय.