मिंधेपणाला भिणारा वैमानिक

पावसाळा सरला की कामशेतच्या टेकड्यांवर वाऱ्याची वाट पाहत पॅराग्लायडरवाले बसतात. त्यांच्यात एखादा गृहस्थ जरा निराळा निघतो. पाठीवर ग्लायडरचं बोचकं, गुडघ्या-कोपरांना पॅड, जबडा झाकणारं हेल्मेट आणि दोन पायांच्या मधे विजेवर चालणारं एकच जाडजूड चाक. बसायला सीट नाही, धरायला दांडा नाही. पुढे झुकलं की पळायचं, मागे रेललं की थांबायचं. मुरमाचा रस्ता असा उभ्या उभ्या चढून तो वर येतो, चाक बाजूला ठेवतो, बोचक्यातलं कापड पसरतो आणि उडून जातो. बघणारे एकमुखाने निदान करतात, ‘वेडा आहे, आयटीतला असणार.’ दुसऱ्या अर्ध्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिलं मात्र साफ चुकलंय. हा मुळात भित्रा माणूस आहे. उंचीला तो भीत नाही, पडण्यालाही फारसा नाही. पण कुणाचं मिंधं व्हावं लागेल या कल्पनेनेच त्याला घाम फुटतो.

पॅराग्लायडिंगमधली खरी अडचण जमिनीवर असते, हे न उडणाऱ्यांना ठाऊक नसतं. गाडीने वर जावं, उडून खाली यावं, तर गाडी वरच. हिमाचलात बिलिंगचं टेक-ऑफ साधारण २४०० मीटरवर, आणि उतरायचं ते बीर हजारेक मीटर खाली. मधला घाट सुमारे चौदा किलोमीटरचा. वर उचलणारी हवा मिळाली नाही, तर ग्लायडर सेकंदाला मीटरभर खाली येत राहतो. म्हणजे पाव तासात खेळ आटोपतो आणि सबंध घाट पुन्हा समोर. बीरला त्यासाठी टॅक्स्या आहेत. मावळात त्या जागी मित्र असतात, आणि टॅक्सीचं भाडं फिटतं तसं मित्राचं फिटत नाही. ज्याने आपली गाडी खाली आणून दिली त्याचं त्या दिवसाचं उडणं बुडालं. पुढच्या रविवारी पाळी आपली, आणि वारा नेमका त्याच रविवारी झकास सुटतो. या उसनवारीतून सुटायला आपल्या गृहस्थाने चाक घेतलं. यात त्याने परंपरा मोडली असंही नाही. हा खेळच मुळी अशा हिशेबी डोक्यातून निघाला. १९७८ साली फ्रान्समधल्या मिउसी गावी तिघा पॅराशूटवाल्यांनी डोंगरउतारावरून धावत सुटून पॅराशूट फुगवलं, ते विमानाचं भाडं वाचवायला. पुढे २००३ साली रेड बुल एक्स-आल्प्स शर्यत सुरू झाली. तिच्यात आल्प्स पायी किंवा उडतच ओलांडायचा असतो, चाकाला तिथे थारा नाही. पण प्रत्येक स्पर्धकामागे खाणंपिणं आणि सामान सांभाळणारा सहायक असतो. आपल्या गृहस्थाचा त्या शर्यतीवर दुहेरी राग आहे: चाक नाही म्हणून, आणि सहायक आहे म्हणून.

यावर व्यवहारी माणूस विचारतो, की जीपचे चार पैसे वाचवायला लाखांचं चाक कशाला? प्रश्न रास्त आहे, पण तो पैशांचा धरला तर. एकरकमी खर्च याला चालतो. दर वेळी ‘जरा सोडतोस का’ म्हणणं चालत नाही. मला दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो: या चाकाने काम होतच नाही. चाक पायथ्याला ठेवून गाडी वर नेली, तर उडून खाली आल्यावर चाकावरून गाडीपाशी जाता येतं. पण तिथून पुन्हा उडावंसं वाटलं, की गाडी आणि चाक दोन्ही वर, मालक खाली. उलट गाडी खाली ठेवून चाकाने वर गेलं, तर चाक आणायला गाडी वर न्यावीच लागते. वाघ, शेळी आणि गवताचा भारा पैलतीरी नेण्याच्या कोड्यासारखा हा मामला आहे. फक्त त्या कोड्याला उत्तर आहे. उरला तिसरा मार्ग, चाक बरोबर घेऊनच उडायचं. पण दणकट चाकं वीस-तीस किलोंची, काही त्याहून जड. प्रत्येक ग्लायडरला वजनाची मर्यादा ठरलेली असते आणि तीत माणूस, हार्नेस, रिझर्व्ह पॅराशूट सगळं धरावं लागतं. शिवाय ते धूड अंगाला बांधून उतरायचं दोन पायांवर. गृहस्थाने याची एक्सेल शीट केली आहे. बेरीज जमते, पण वजनाच्या रकान्यात त्याने स्वतःचे सहा किलो आधीच घटवले आहेत.

जिवाची पर्वा नसलेला माणूस एक्सेल करत नाही. मोटर देऊ शकते त्याहून जास्त जोर मागितला तर हे चाक माणसाला सावरायचं सोडून देतं आणि तो तोंडावर आपटतो. म्हणून ते जबडा झाकणारं हेल्मेट, म्हणून चाकाच्या प्रत्येक पिपाणीचा अर्थ पाठ. वाऱ्याचे अंदाज तो तीन-चार ॲपवर ताडून बघतो, आणि एकात जरी झोत जास्त दिसले तरी घरी बसतो. नियमांचीही त्याला धास्ती. जर्मनीच्या २०१९ च्या नियमांत दांडा असलेल्याच असल्या छोट्या वाहनांना रस्त्यावर परवानगी आहे, हे तो न विचारता सांगतो. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या विजेच्या दुचाकीला नोंदणी लागत नाही. याची मोटर दोन हजारांच्या पुढची. त्यामुळे डांबरी रस्त्यावर पोलीस दिसला, की तो खाली उतरतो, चाकाची ट्रॉलीची दांडी वर खेचतो आणि प्रवासाची बॅग ओढत निघाल्यासारखा चालू लागतो. मग सरळ चालतच का जात नाही? हल्ली दोन-तीन किलोंचेही ग्लायडर मिळतात, आणि ते पाठीला लावून डोंगर चढणाऱ्यांचा वेगळा पंथच आहे. पण मावळात पाठीवर ओझं घेऊन चढण चढणाऱ्या माणसाशेजारी जीप थांबतेच, आणि आतून आवाज येतोच, ‘येताय का?’ चाकावरच्या माणसाला असं कोणी विचारत नाही. माझ्या मते त्या चाकाचा सगळ्यात मोठा गुण हाच.

एवढं करूनही तो सुटत नाही, आणि इथे मात्र त्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे फारसं काही उरत नाही. वर ठेवलेलं चाक कोणीतरी सांभाळावं लागतं. टेक-ऑफच्या अलीकडच्या वाडीत, शेवटच्या घरातल्या मावशी ते पडवीत ठेवून घेतात आणि आपण होऊन चार्जिंगलाही लावतात. संध्याकाळी तो चाक न्यायला येतो, तेव्हा दीड युनिटचे पैसे आधीच मोजलेले असतात. मावशी म्हणतात, “राहू द्या हो, विजेचं काय एवढं!” तो हबकतो. परतफेड म्हणून त्यांच्याकडून डझनभर गावरान अंडी विकत घेतो, तर त्या वर दोन फुकट घालतात. एखाद्या दिवशी वारा फिरतो आणि उडता येत नाही, तेव्हा तर पंचाईतच. चाकावरूनच उतरावं म्हटलं, तर उतारावर त्याची मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. आणि बॅटरी मावशींच्या कृपेने काठोकाठ भरलेली. नव्या विजेला जागा नाही, म्हणून चाक पिपाण्या वाजवत नाक वर करतं आणि पुढे जायला नकार देतं. गृहस्थ पाठीवर बोचकं, एका हातात अंडी आणि दुसऱ्या हातात दांडी धरून घाट उतरू लागतो. पहिल्याच वळणावर दूध घालायला निघालेला मावशींचा मुलगा टेम्पो थांबवतो. चाक मागे कॅनांच्या मधे जातं, अंडी मांडीवर. डिझेलचे किती द्यायचे हे विचारायला तो तोंड उघडणार, एवढ्यात मुलगा गिअर टाकत म्हणतो, “दादा, येत्या रविवारी मला शिकवायचं हां हे चाक. सकाळपासून मोकळाच आहे मी.”