गच्चीपंत

प्रवासी माणसांचे जे नाना प्रकार आपणांस ठाऊक आहेत, म्हणजे देवळाच्या खांबाखांबाशी थबकणारे, संग्रहालयातील पाट्या मोठ्याने वाचणारे आणि परमुलखात पाऊल ठेवताच वरणभाताच्या शोधार्थ निघणारे, त्यांत अलीकडे एका सुखवस्तू आणि काहीशा उंचावर वास करणाऱ्या प्रकाराची भर पडली असून, त्याची नोंद अद्याप कोणत्याही दफ्तरी झालेली नसल्यामुळे ती करणे मी माझे कर्तव्य समजतो. या गृहस्थांस आम्ही मित्रमंडळी गच्चीपंत म्हणतो. नगरी जितकी प्राचीन तितकी पंतांची बैठक उंच, हा त्यांचा नेम, आणि ज्या गावास निदान पाचशे वर्षांची पूर्वपीठिका नाही तेथे, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "घोटभरही घशाखाली उतरत नाही."

पंतांचा हा स्वभाव समजून घ्यावयाचा तर त्यांची घरची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. ज्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यास परवाना बाळगण्याची सक्ती केली ती आजतागायत उठलेली नाही, आणि तो परवानाही 'प्रकृती राखण्यासाठी' म्हणून देण्याची तजवीज करून सरकारने प्रजेचे आरोग्य व आपला महसूल या दोहोंची सोय एकाच कलमात लावून टाकली आहे, त्या महाराष्ट्रात पंतांची सारी उमेदवारी परमिट रूममध्ये झाली. भरदुपारीही जेथे दिवेलागणीची वेळ उलटून गेल्यासारखे वाटते, बशीत शेंगदाणे आहेत की फुटाणे हे बोटांनी चाचपूनच ठरवावे लागते, कोणी ओळखीचे आत शिरलेच तर मेनूकार्ड तोंडासमोर धरून ते अत्यंत एकाग्रतेने वाचावे लागते, आणि निघताना मूठभर बडीशेप तोंडात टाकून रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा असल्याची खात्री करून घ्यावी लागते, त्या स्थळी माणसाच्या अंगी रसिकता येणार ती कोठून? घरच्या इमारतीस गच्ची होती. पण तिची किल्ली सोसायटीच्या चिटणीसांपाशी, तिच्यावर उन्हाळ्यात वाळवणाचा अंमल, आणि कोजागिरीच्या आटीव दुधाखेरीज अन्य कोणत्याही द्रवपदार्थास तेथे मज्जाव असल्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव.

अशा रीतीने उमेदीची वर्षे काळोखात घालविलेला हा जीव जेव्हा प्रथमच परदेशी एका सातव्या मजल्याच्या गच्चीवर लख्ख उजेडात, चारचौघांदेखत, समोर शतकानुशतके उभे असलेले प्रार्थनामंदिर आणि हाती हिमशीतल प्याला अशा अवस्थेत स्थानापन्न झाला, तेव्हा त्यास एक साक्षात्कार झाला. तो असा की, पुरातन वास्तूच्या सान्निध्यात मद्यपान हे व्यसन राहत नसून तो व्यासंग होतो. घरी प्रकृतीसाठी, परदेशी इतिहासासाठी. निव्वळ प्यावयाची म्हणून प्यायल्याचे पंतांच्या कैफियतीत कोठेही आढळावयाचे नाही.

मेज पाहिजे ते कठड्यालगतचेच, आणि ते पदरात पाडून घेण्यासाठी पंत ज्या चिकाटीने बोलणी करतात ती पाहून नाना फडणविसांनी त्यांस आपल्या वकिलांत सामील करून घेतले असते. मेज मिळाले की छायाचित्र. प्याला पुढे, घुमट मागे, आणि दोहोंची उंची सारखी भरेपर्यंत वेटरने एका गुडघ्यावर बसून राहावयाचे. या छायाचित्राच्या मग दोन नकला निघतात: मित्रांच्या गटात जाणारीतून घुमट छाटलेला असतो, नातेवाइकांच्या गटात जाणारीतून प्याला. दोन्ही नकला अस्सलाबरहुकूम असल्याचे पंत शपथेवर सांगतील.

खर्चाच्या बाबतीत त्यांना उधळे म्हणता येणार नाही, आणि काटकसरीही नाही. रोममधल्या पँथिऑनचे दर्शन शतकानुशतके फुकट होते. २०२३ च्या जुलैपासून तेथे ५ युरोंचे तिकीट बसले. हे कळताच पंत संतापले. देवळात जावयास पट्टी द्यावयाची तर जिझिया कर काय वाईट होता, असा सवाल त्यांनी तिकिटाच्या खिडकीसमोर, सुदैवाने मराठीत, उपस्थित केला आणि ते तडक जवळच्या एका गच्चीवर चढले, जेथे नारिंगी रंगाच्या, बर्फाने गळ्यापर्यंत भरलेल्या एका पेल्यास तिकिटाच्या चौपट दाम मोजताना त्यांच्या कपाळावर एकही आठी उमटली नाही. वास्तविक पँथिऑन ही आत जाऊन पाहावयाची वस्तू. हेड्रियन बादशहाच्या कारकिर्दीत बांधलेल्या त्या घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून त्याची उंची ही दोन्ही ४३ मीटरांहून किंचित अधिक, बरोबर सारखी. माथ्यावर उघडे गवाक्ष. त्यातून पडणारा सूर्यप्रकाशाचा कवडसा दिवसभर भिंतीवरून सरकत असतो, आणि पाऊस आला तर तोही आत येऊन फरशीतल्या बारीक छिद्रांवाटे निमूट निघून जातो. हे सारे वैभव आतून. गच्चीवरून तोच घुमट पालथ्या घातलेल्या परातीसारखा दिसतो. तरीही ती परात पंत दोन तास पाहत होते, आणि "प्रमाणबद्धता म्हणतात ती हीच" असे अधूनमधून म्हणत होते.

इस्तंबूलमध्ये मात्र त्यांच्यावर कठीण प्रसंग गुदरला. एका बाजूस इसवी सन ५३७ मध्ये पुरे झालेले आयासोफिया, दुसऱ्या बाजूस सहा मिनारांची सुलतान अहमदाची मशीद, मधोमध पंतांची गच्ची, आणि हाती आले ते डाळिंबाचे सरबत. मशिदीपासून १०० मीटरांच्या आत मद्यविक्रीचे नवे परवाने द्यावयाचे नाहीत, असा कायदा तुर्की सरकारने २०१३ साली केला आहे, हे वेटरने अदबीने सांगितले. दुसरा कोणी निराश झाला असता. पंतांस उलट माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. परवाना, अंतर, कलम, अपवाद ही सारी त्यांच्या बालपणापासूनची भाषा! त्यांनी ट्रामने पूल ओलांडला, जिनोआच्या व्यापाऱ्यांनी १३४८ साली उभारलेल्या गलाता बुरुजाच्या आसमंतात एक कायदेशीर गच्ची हुडकली आणि तेथे राकी मागविली. पाणी घालताच ही बडीशेपेच्या वासाची दारू दुधासारखी पांढरी होते व तुर्क लोक तिला सिंहाचे दूध म्हणतात, असे शेजारच्याने सांगितले तेव्हा, विष्णुशास्त्र्यांच्या काळापासून वाघिणीचे दूध पचविणाऱ्या समाजास सिंहाचे दूध जड जाण्याचे कारण नाही, असे उत्तर पंतांनी दिले. बडीशेप खाण्याचे कामही त्यामुळे वाचले.

स्वदेशीही पंतांचा संचार असतो; पण राजस्थानापुरताच. उदयपुरात पिछोला सरोवरातील १७४६ साली पुरा झालेला जगनिवास महाल प्रत्यक्ष समोर असता त्याकडे पाठ करून, तेथील गच्च्यांवर वर्षानुवर्षे रोज रात्री दाखविल्या जाणाऱ्या 'ऑक्टोपसी' या १९८३ सालच्या इंग्रजी बोलपटात तोच महाल पाहणारे पंत मी पाहिले आहेत. जैसलमेरची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिच्याविषयी मला विनोद सुचत नाही. रावळ जैसलाने ११५६ साली वसविलेल्या त्या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यात आजही वस्ती आहे. घागरीने मोजून पाणी वापरणाऱ्या वाळवंटातल्या माणसांसाठी बांधलेला हा किल्ला मऊ, मातकट टेकडीवर उभा; त्यात पाहुण्यांसाठी न्हाणीघरे, शौचकूप, उपाहारगृहे निघाली, नळ आले, मोऱ्या गळू लागल्या, पाणी पायात मुरले आणि काही बुरूज ढासळले. जे पाहावयास माणसे गच्चीवर चढतात तेच त्यांच्या आंघोळीच्या पाण्याने खालून विरघळते आहे. आमच्या वहिनींनी, म्हणजे पंतांच्या सौभाग्यवतींनी, तेथल्या यजमानास "हे सगळं पाणी जातं कुठं?" असा सरळ प्रश्न विचारला. यजमानाने आकाशाकडे पाहिले. पंतांनी त्या संध्याकाळी आंघोळ रद्द केली, पेय नाही. त्यात पाणी घालीत नसल्यामुळे किल्ल्यास धोका नाही, हा त्यांचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होता.

पंत अडाणी आहेत असा कोणाचा ग्रह होऊ नये. त्यांचे वाचन आहे. मात्र ते प्याल्यांच्या क्रमाने बाहेर येते. पहिल्या प्याल्यास सनावळी, दुसऱ्यास कारणमीमांसा आणि तिसऱ्यास पानिपत. शहर कोणतेही असो, तिसऱ्या प्याल्याला पानिपत चुकत नाही. अथेन्समध्ये दिवे लागलेल्या अक्रोपोलिससमोर बसलो असता मला वाटले, येथे तरी सुटका आहे. पंतांनी सुरुवात रीतसर केली: पार्थेनॉन दोन हजार वर्षांहून अधिक काळ तगले, १६८७ च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या फौजेने त्यावर तोफगोळा टाकला, आत तुर्कांनी दारूगोळा साठविलेला होता, त्याचा भडका उडाला आणि छप्पर गेले. शेजारच्या मेजावरचे एक निवृत्त डच दांपत्य कौतुकाने ऐकू लागले. तेवढ्यात तिसरा प्याला आला. "आणि त्याच साली," पंत खुर्ची पुढे ओढीत म्हणाले, "औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला!" गोवळकोंड्यावरून मराठे, मराठ्यांवरून अटक, अटकेवरून अब्दाली, पाऊण तासाने मेजावरची मिठाची बाटली विश्वासराव झालेली होती, ऑलिव्हच्या बिया गारद्यांच्या पलटणीसारख्या मांडलेल्या होत्या, आणि भाऊसाहेबांनी हत्ती सोडून घोड्यावर मांड टाकली ती चूक होती की नाही, यावर त्या डच बाईंचे मत मागितले जात होते. बाईंनी, घोडा अधिक वेगवान असतो, असे मत दिले. पंतांनी त्यांना आयुष्यात क्षमा केलेली नाही.

या सर्वांवर कळस चढला तो सेव्हिलमध्ये. जून महिना होता. पंतांचा संकल्प असा की, गिराल्दा मनोऱ्यामागे सूर्य मावळताना पाहावयाचा आणि तोपर्यंत मेज सोडावयाचे नाही. आपल्याकडील हिशेबाने सूर्यास्त फार तर सव्वासातला, म्हणून ते पाच वाजताच जागा धरून बसले. परंतु स्पेनचा सूर्य हा सरकारी सूर्य आहे. १९४० साली जनरल फ्रँकोच्या राजवटीने देशाची घड्याळे जर्मनीच्या घड्याळाशी जुळविण्यासाठी तासभर पुढे नेली ती पुन्हा मागे आली नाहीत. त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास चढतो, आणि शहर तर पार पश्चिमेच्या टोकास. त्यामुळे जूनमध्ये तेथे सूर्य मावळावयास पावणेदहा वाजतात. सात वाजले, आठ वाजले, ऊन जागचे हलेना. रिकाम्या हाताने मेज अडविणे पंतांच्या सभ्यतेत बसत नव्हते, सबब दर अर्ध्या तासास नवी मागणी नोंदवावी लागत होती. त्या प्रांतात संत्र्याच्या साली मुरवून केलेले एक गोडसर मद्य मिळते. पंतांनी इतिहासाशी इमान राखण्यासाठी तेच पत्करले होते, आणि "हा फ्रँको पक्का अबकारी खात्याचा माणूस असला पाहिजे" एवढीच टीका ते मधूनमधून करीत होते.

"अहो, चला ना वर जाऊन येऊ," असे वहिनी आरंभीच म्हणाल्या होत्या. गिराल्दा हा मुळात बाराव्या शतकातील मशिदीचा मिनार; त्यास जिना नसून आतून ३५ चढणींची रुंद वाट आहे, बांग देणाऱ्यास घोड्यावरून वर जाता यावे म्हणून ती तशी ठेवल्याचे सांगतात. "घोडा मिळत असेल तर येतो," पंत म्हणाले होते, "तोवर मी खालून देखरेख ठेवतो." वहिनी एकट्या गेल्या. पायी चढल्या, घंटांच्या खालच्या सज्जात उभे राहून त्यांनी सबंध शहर पाहिले, कोलंबसाची कबर असलेल्या त्या अवाढव्य कॅथेड्रलचे छप्पर पाहिले, रस्त्यारस्त्यांतून ओळीने लावलेली संत्र्यांची झाडे पाहिली, आणि अखेर अनेक गच्च्यांमधून एका गच्चीच्या कठड्याशी, मनोऱ्याच्याच दिशेने प्याला उंचावून बसलेली एक परिचित आकृती पाहिली. त्यांनी भ्रमणध्वनीची सारी ताकद पणास लावून ती जवळ आणली, छायाचित्र घेतले, कोणतीही छाटाछाट न करता आकृतीभोवती तांबडे वर्तुळ काढले, आणि 'ओळखा पाहू' एवढा मजकूर घालून ते नातेवाइकांच्या गटात रवाना केले.

भारतात तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. पण सातारचे मामा जागे होते. मामा म्हणजे वहिनींचे थोरले मामा, आजन्म दारूबंदीचे पुरस्कर्ते. त्यांचा निरोप तत्काळ आला: "जावईबापू, उन्हात टोपी नाही घातली? आणि हातात ते काय?"

पंतांनी चष्मा पुसला, प्याला खाली ठेवला आणि दोन बोटांनी सावकाश उत्तर लिहिले: "संत्र्याचं आहे, मामा. इथली संत्री फार प्रसिद्ध."

क्षणभराने मामांनी विचारले: "नागपूरच्यापेक्षा गोड का?"

"नाही मामा," पंतांनी लिहिले, "जरा कडवटच असतात. पण सवय होते."